यमुताई आणि हार्बिनची बायको

यमुताई शेलारांना आमच्या गल्लीत सगळे वेडी म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचो. तेवढं आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातली तिसरी दोनदा. पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला येऊन एकतीस वर्षं मोटारींना दारं बसवली. आता लिहितोय तेही दार बसवल्यासारखंच आहे. बसलं तर बसलं.

यमुताई आमच्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लागून. त्यांनी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी म्हणून पोरांना जेवण वाढलं. रिटायर झाल्यावर इतर बायका नातवंडं सांभाळतात. ही बाई जुनी कागदपत्रं वाचायला शिकली. जुन्या कागदांची जपणूक करणारं एक ऑफिस असतं, आर्काइव्ह म्हणतात त्याला. तिथे त्या आठवड्यातून तीन दिवस फुकट काम करायच्या. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. ते त्या घडाघडा वाचायच्या. कसं जमतं विचारलं तर म्हणायच्या, "चारशे पोरांची तोंडं ओळखत होते मी, अक्षरं काय घेऊन बसलात?"

उंची पाच फूटसुद्धा नसेल. चालायच्या मात्र अशा की बरोबरच्याला पळावं लागे. आर्काइव्हमध्ये शाईचं पेन चालत नाही, म्हणून अंबाड्यात कायम पेन्सिल. एक आहे हे विसरून दुसरी खोचायची. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तीन पेन्सिली घालून आल्या होत्या आणि कुणाची सांगायची हिंमत झाली नाही.

आणि एक सवय. भेटेल त्या बाईला माहेर विचारायचं. मराठी बाईला विचारलं तर ठीक. ही बाई सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या गोऱ्या पोरीलाही विचारायची, तुझ्या आईचं घर कुठलं, आणि तिच्या आईचं? मागे रांग खोळंबलेली. पोरगी आधी बावचळायची, मग सांगत सुटायची. आमचे बटाटे पिशवीत जाईपर्यंत आजीच्या आजीपर्यंत गाडी गेलेली असे. "कागद अर्धंच बोलतो," त्या म्हणायच्या. "उरलेलं माणसाला विचारावं लागतं."

माझी मालन गेली त्याला चार महिने झाले होते. मी पडदे उघडत नव्हतो. भाकरी येत नाही, डाळ करपते, तर ब्रेड खायचो. कुणी बेल वाजवली तर बसून राहायचो. एके दिवशी दारातल्या पत्रपेटीचं झाकण उचललं गेलं आणि त्या फटीतून आवाज आला, "दादा, मला एक माणूस पाहिजे. वजन धरायला."

मी म्हटलं, मी घरात नाही.

"मग घरात नसलेलाच चालेल. दहाची बस आहे, बसपास घ्या."

वजन म्हणजे काय, तर जुनी वही उघडी राहावी म्हणून पानावर ठेवायची शिसं भरलेली कापडी दोरी. तिला तिथे स्नेक म्हणतात. यमुताईंना एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन्सिल, म्हणून साप धरायला मी. एवढंच माझं काम. दुपारी बाहेर बाकावर बसून त्यांनी केलेलं थालीपीठ खायचं, कारण आत खायला बंदी.

तर त्या वर्षी यमुताईंना झपाटलं होतं ते अमेरिकेतल्या एका टाउनशिपने. आयोवा राज्यातली लाँग टिंबर टाउनशिप. टाउनशिप म्हणजे टाउन नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी बसमध्ये बजावलं गेलं. मला कळेना. मग घरी आल्यावर भिंत वाजली. काही सांगायचं असलं की त्या मधली भिंत ठोकायच्या. गेलो तर ओट्यावर ट्रेभर नारळाची वडी थापलेली. सुरीने त्यांनी बरोबर सहा बाय सहा कापली.

"छत्तीस वड्या. ही टाउनशिप. एक वडी म्हणजे एक मैल लांब, एक मैल रुंद. माणसं यायच्या आधी सरकारने साखळीने मोजून अशी कापून ठेवली. आता नंबर बघा." उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डावीकडे एक ते सहा. मग सहाच्या खाली सात, आणि तिथून उजवीकडे. मग परत डावीकडे.

मी म्हटलं, हे नांगराचं चालणं आहे. तास संपलं की बैल वळतात, तसं.

त्या सुरी घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दादा, दोन वर्षं मी हे पाठ करतेय, आणि हे मला सुचलं नाही." मालन गेल्यापासून मला कुणी बरोबर म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी खुशीत एक वडी उचलायला गेलो तर सुरीची उलटी बाजू बोटावर बसली. "ती सोळावी. ती शाळेची. प्रत्येक टाउनशिपमध्ये सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला असायचा." बाकी पस्तीस संपल्या. सोळावी रविवारपर्यंत ट्रेमध्ये वाळत बसली होती.

या रानात पहिली वस्ती केली ती कॉव्हेंट्रीजवळच्या हॅम्बरली गावातून गेलेल्या चार घरांनी. कुणी शेतमजूर, कुणी रिबिनी विणणारे. समोर पसरलेलं काळंभोर गवताळ रान सोडून ते ओढ्याकाठी झाडांच्या कडेला दाटीवाटीने राहिले. का, तर जिथे झाड उगवत नाही तिथे पीक काय येणार, असं त्यांना वाटलं. मी मोठ्याने हसलो. काळ्या रानात झाड नसतं हे आमच्या म्हशीलासुद्धा ठाऊक होतं. आर्काइव्हमधली क्लेअर, तिथली तरुण साहेबीण, तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मग यमुताईंनी तिला माझा विनोद इंग्रजीत सांगितला, तर तीच माझ्यापेक्षा मोठ्याने हसली.

खरं प्रकरण पुढे आहे. तिकडे लॉइस नावाची एक म्हातारी टाउनशिपची कारभारीण होती. मक्याची शेती करायची आणि वस्तीचा इतिहास गोळा करायची. जुन्या दफनभूमीतले लाकडी क्रूस कुजून गेले, म्हणून तिथल्या लोकांनी एक मोठा दगड उभा करायचं ठरवलं होतं. त्यावर पहिल्या थडग्यांची नावं कोरायची. तिने यादी पाठवली, इकडे नावं तपासून द्या म्हणून. उन्हाळा संपायच्या आत दगड उभा राहणार होता.

यादीत सगळ्यात वर, पहिलं थडगं, लिहिलेलं असं: जे. हार्बिनची बायको.

यमुताईंनी भिंग खाली ठेवलं. "दादा, ही बाई काय नाव नसतानाच मेली?"

मी म्हटलं, त्या काळी लिहीत नसतील.

"गाईला नाव लिहिलंय. त्याच जॉन हार्बिनच्या गाईला. डेझी. मी वाचलंय." त्यांचा आवाज चढला होता. "समुद्र ओलांडून गेली, ते रान पहिल्यांदा तिने झाडलं, पहिली माती तिच्यावर पडली, आणि दगडावर काय? अमक्याची बायको. मी असं कोरू देणार नाही."

मी मान खाली घातली. त्याला कारण होतं. मालनच्या मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रारने विचारलं होतं, लग्नाआधीचं नाव काय? मी माहेरचं आडनाव सांगून मोकळा झालो. मालन हे नाव तर आमच्या घरचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच ते काढलं होतं. त्याआधी तिला काय म्हणायचे, ते मी पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं. हे मी बाकावर बसून यमुताईंना सांगितलं. वाटलं, बाई धीर देईल.

"सोनाबाई," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं. खा थालीपीठ."

अशी बाई. मी खाल्लं. 

त्यानंतर महिनाभर आम्ही हॅम्बरलीच्या चर्चच्या वह्या उपसल्या. एका मंगळवारी यमुताईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की साप हातातून पडला. लग्नाच्या वहीत जॉन हार्बिन सापडला होता. नवरी एलन ट्यू. सहीच्या जागी तिने नुसती फुली मारलेली. त्या फुलीवर यमुताईंनी वरच्यावर बोट फिरवलं, कागदाला न लावता.

मग एक पत्र मिळालं. वस्तीतल्याच एका माणसाने हॅम्बरलीतल्या भावाला लिहिलेलं. त्यात हार्बिनच्या घरातल्या बाईचं कौतुक होतं. पाव फुगवायचं खमीर तिने घरून दगडी बरणीत भरून समुद्रावरून जिवंत नेलं होतं. चारही घरांचा पाव त्यातूनच व्हायचा. आपण विरजण मागायला शेजारी जातो तसं सगळे तिच्याकडे जायचे. पण पत्रात तिचं नाव होतं हॅना.

मी म्हटलं, ही कोण?

"कोण म्हणजे? तीच. माहेरची एलन, सासरची हॅना." यमुताई खुशीत होत्या. "मी नाही का माहेरची शकुंतला?"

मला अगदी पटलं. मंडळाच्या जेवणात त्यांनी हे सांगितलं तर सगळ्या बायकांना पटलं. पुष्पाची झालेली वैशाली, मंदाची झालेली अनुराधा, सगळ्या जणी आपापली जुनी नावं सांगायला लागल्या. जेवण राहिलं बाजूला. साठीच्या बायका एकमेकींना लहानपणीच्या नावांनी हाका मारत होत्या. यमुताई मधोमध उभ्या, हातात डाव. त्यांनी निकाल दिला की आईबापांनी ठेवलेलं नाव तेच खरं, तेच दगडावर जाणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉइसला ईमेल पाठवली. नाव, एलन. लॉइसचं उत्तर आलं की वाचून ती रडली, आणि नाव कोरणाऱ्याकडे दिलं आहे.

क्लेअर तेव्हा सुट्टीवर होती. आल्यावर यमुताईंनी तिला सगळी हकिकत सांगितली, हातवारे करून. क्लेअरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली की यमुना, इथल्या बायका लग्नात आडनाव बदलतात. पहिलं नाव नाही बदलत.

अठ्ठेचाळीस वर्षं या देशात काढलेली बाई. शेकडो इंग्रज बायकांबरोबर काम केलेली. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही, मंडळातल्या चाळीस जणांच्याही नाही.

क्लेअरने दफनाची वही आणली. तासाभरात सापडलं. एलन हार्बिन, हॅम्बरलीतच पुरलेली, ती माणसं बोटीवर चढायच्या आदल्या वर्षी. एलन अमेरिकेला गेलीच नव्हती; बापाबरोबर गेली ती तिची दोन पोरं.

दोन दिवस भिंत वाजली नाही. तिसऱ्या दिवशी मी ठोकली. उत्तर नाही. मग मी त्यांच्या पत्रपेटीचं झाकण उचललं आणि ओरडलो की यमुताई, साप कुणी धरायचा?

आतून आवाज आला. "दादा, मी एका बाईच्या उरावर दुसरीचं नाव ठेवलं."

"मग उचला," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही. "बसून कोण उचलणार?"

दार उघडलं. डोळे सुजलेले, पण अंबाड्यात पेन्सिल होती.

आता हॅना कोण? हॅम्बरलीत जॉन हार्बिनचं दुसरं लग्न नोंदलेलं नाही. आजूबाजूच्या सहा गावांत नाही. बोट सुटली त्या लिव्हरपूल बंदरातल्या लग्नांच्या नोंदी क्लेअरने कम्प्युटरवर शोधल्या, तिथेही नाही. दगड कोरणारा तिकडे कामाला लागला असेल, हे यमुताई दर दहा मिनिटांनी म्हणत होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, एवढं काय शोधताय? बायको मेली, पदरात दोन पोरं, माणूस गरीब. त्याला कोण पोरगी देणार? धाकटी मेहुणी केली असेल. आमच्या गावात हेच करतात. माय मरो आणि मावशी उरो.

यमुताईंनी ते क्लेअरला इंग्रजीत सांगितलं. क्लेअर खुर्चीतून उठलीच. म्हणाली, त्या काळी इंग्लंडमध्ये मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न कायद्याने होतच नव्हतं. केलं तरी ते रद्दच धरायचे.

"म्हणून नोंद नाही," यमुताई म्हणाल्या.

"म्हणून देश सोडला," क्लेअर म्हणाली.

मग काय धावपळ. क्लेअरने बाप्तिस्म्याची वही आणली, मी साप टाकला, यमुताईंचं भिंग पानावरून खाली खाली. विल्यम आणि मेरी ट्यू, मुलगी एलन. मग एक मुलगा. मग एक पान उलटून, विल्यम आणि मेरी ट्यू, मुलगी हॅना. यमुताई म्हणाल्या, पत्र, ते पत्र परत आणा. पत्रात एक ओळ होती, ती आम्ही उडत वाचली होती. हॅना त्या पोरांची मावशी आणि आई दोन्ही आहे, असं त्या माणसाने सरळ लिहून ठेवलं होतं. आम्हाला वाटलं होतं, प्रेमाने म्हणत असेल. यमुताई हसायला लागल्या. ते हसू थांबेना. त्या शांत खोलीत वाचत बसलेले सगळे वळून बघायला लागले, आणि क्लेअरने या वेळी तोंडावर बोट ठेवलं नाही, कारण ती स्वतःच हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

लागलीच लॉइसला फोन लावला. तिकडे सकाळ होती. यमुताईंनी पहिल्या वाक्यात चूक कबूल केली, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात हॅना. लॉइस म्हणाली, कोरणाऱ्याला आत्ता थांबवते. तासाभराने तिचा उलट फोन आला. थांबवलं होतं. पण एलन हे नाव कोरून झालं होतं. हार्बिन राहिलं होतं.

त्याच आठवड्यात यमुताईंना रीडिंग गावी मुलाकडे जायचं होतं. मुलगा तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिकडच्या हॉस्पिटलात यमुताईंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं. हे त्यांनी मला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, जसं काही दाताला चांदी भरायची आहे. मी त्यांची बॅग घेऊन स्टेशनवर गेलो. लॉइसची नवी ईमेल क्लेअरने छापून दिली होती, ती यमुताईंच्या हातात. दुसऱ्या दगडाला पैसे नाहीत. एलन घासून काढायचं तर दगडात खड्डा पडेल आणि हॅना त्या खड्ड्यात बसेल. की खाली जागा आहे तिथे हॅना कोरायचं आणि एलनवर सिमेंट भरायचं? संध्याकाळपर्यंत कळवा, कोरणारा उद्या दुसऱ्या गावाला जातो.

गाडीला सात मिनिटं होती. यमुताई प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होत्या. मग एकदम थांबल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि ईमेलचा कागद उलटा केला. "लिहा. क्लेअरला नेऊन द्या."

मला इंग्रजीत सहीपुरतं येतं. त्या एकेक अक्षर सांगत गेल्या आणि मी कागद बॅगेवर ठेवून मोठ्या अक्षरांत काढत गेलो. एलन तसंच राहू द्या. तिच्यापुढे कोरा, हॅम्बरलीत पुरलेली. खाली हॅना, इथे पुरलेली. दोघींच्या खाली, ट्यू बहिणी. हार्बिन कुठेतरी बारीक घातलं तर हरकत नाही.

गाडी आत येत होती. मी म्हटलं, यमुताई, जी तिकडे गेलीच नाही तिचं नाव तिकडच्या दगडावर कशाला?

"तिची दोन पोरं गेली ना, दादा? मग ती इथेच राहिली असं कसं म्हणायचं?"

 त्यांनी मला सगळं वाचून दाखवायला लावलं, एक अक्षर दुरुस्त केलं, मग गाडीत चढल्या. मी बॅग वर दिली.

तो कागद मी बसने न जाता पायी नेला, मोडेल म्हणून घडी न घालता. दगड तसाच उभा राहिला. फोटो आला तो मुलाने त्यांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर दाखवला, आणि त्यांनी म्हणे बोटांनी मोठा करकरून प्रत्येक अक्षर तपासलं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मुलगा सांगायला माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला चहा करून दिला. नीट झाला होता.

पण मला दिसतात त्या गाडीतल्या. दारं बंद झाली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर हात वर करून उभा होतो, निरोप द्यायला. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या टेबलाच्या सीटवर बसल्या होत्या आणि समोरच्या अनोळखी बाईला काहीतरी सांगायला सुरुवातसुद्धा झाली होती. दोन्ही हात पसरलेले, जेवढे पसरतील तेवढे. गाडी हलली. त्या बाईने कानातली गाणी ऐकायची बोंडं काढून टेबलावर ठेवली आणि ती पुढे झुकून ऐकायला लागली.